प्रश्न कुणी लिहायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत आल्या आल्या गणिताच्या बाईंनी मला विचारलं, "अजून पायऱ्या खाऊनच गणित सोडवतेस का गं?" बाई, आता उलट झालं आहे. उत्तर मशीन काढतं, पायऱ्या मला लिहाव्या लागतात. आजचं भाषणही पायऱ्या लिहूनच आणलं आहे, एकही गाळणार नाही.

संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि समाज' असा विषय दिला. एवढ्या मोठ्या विषयात काहीही बसतं, म्हणून मी तो जरा लहान करून घेतला. आज जेवणानंतर आपल्या निधीची बैठक आहे. आपण सगळ्यांनी मिळून जमवलेल्या पैशांचं काय करायचं, ते तिथे ठरणार आहे. शाळेमागच्या वस्तीत एक डिजिटल लॅब उघडायची, वीस कम्प्युटर ठेवायचे, भिंतीवर आपल्या बॅचचं नाव लावायचं आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी करार करून त्यांच्या मुलांनी दर शनिवारी शिकवायला यायचं, असा प्रस्ताव समोर आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची तळमळ मला माहीत आहे. तरीही माझं मत वेगळं आहे. मी स्वतः कम्प्युटरवर पोट भरते, त्यामुळे 'हिला कम्प्युटरचं वावडं आहे' असं तरी कुणी म्हणणार नाही.

माझा मुद्दा साधा आहे. शिकलेली माणसं जेव्हा वस्तीत जातात, मग ते विद्यापीठ असो, कॉलेज असो की आपल्यासारखी माजी विद्यार्थ्यांची मंडळी असोत, तेव्हा प्रश्न कोण लिहितं? उत्तर नंतर येतं, आधी प्रश्न येतो. आणि न्याय-अन्यायाची निम्मी गोष्ट तिथेच ठरून जाते.

आपल्या सदरपासूनच सुरुवात करू. इथून एका बाजूला सिव्हिल लाइन्स. महाविद्यालयं, हायकोर्ट, बंगले, मोठाली झाडं. दुसऱ्या बाजूला गड्डीगोदाम आणि मंगळवारी बाजाराकडच्या दाटीच्या गल्ल्या. मधे अंतर किती? पायी पंधरा मिनिटांचं. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या शहरात ज्ञान आणि वस्ती अशा शेजारी-शेजारी राहत आल्या आहेत. शेजार आहे, येणं-जाणं मात्र बेताचंच.

त्याही आधीची एक गोष्ट बघा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांच्यावरून आहे. त्यांनी इथल्या खडकांचा अभ्यास केला, गोंडांची भाषा आणि लिंगोची कथा टिपून ठेवली. १८६३ साली पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. काम मोलाचंच होतं, अभ्यासक आजही ते उघडतात. पण ज्यांनी ती कथा सांगितली, त्यांच्या घरापर्यंत ते पुस्तक पोहोचावं अशी काही सोय त्या काळात नव्हती. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी 'गोंडवाना' हे नाव उचललं, आणि आज जगभरातली मुलं भूगोलात गोंडवानालँड शिकतात. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये गोंडवाना क्लब आहे. आणि गोंडांच्या मुलखात, गडचिरोलीला, गोंडवाना विद्यापीठ कधी झालं? २०११ साली! नाव आधी जगभर फिरून आलं, विद्यापीठ त्यामानाने फारच उशिरा आलं.

मी हे टीका म्हणून सांगत नाही. माहिती एका दिशेने वाहते आणि परत येत नाही, ही सवय किती जुनी आहे ते दाखवायला सांगते.

माझ्या कामातलाच एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे टॅबलेटवर चालणाऱ्या एका सर्वेक्षणाचं काम होतं. एका विद्यापीठाला शहरी वस्त्यांचा अभ्यास करायचा होता. शंभरावर प्रश्न होते आणि ते सगळे आधीच पक्के झालेले होते. सॉफ्टवेअर नीट चालतं का ते पाहायला मी एका वस्तीत गेले. एक बाई दारात धुणं पिळत पिळत उत्तरं देत होत्या. घरात किती माणसं, टीव्ही आहे का, मोबाईल किती, पोरं किती शिकली. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, यात आमच्या नळाचा प्रश्न कुठं हाय?" पाण्याबद्दल एक प्रश्न होता, 'पाण्याचा स्रोत कोणता' असा. त्यावर 'सार्वजनिक नळ' असं बटण दाबलं की पुढचा प्रश्न. तो नळ रात्री दोनला येतो आणि बाया रात्रभर जागतात, हे टाकायला जागाच नव्हती. मी ते लिहून वर कळवलं. 'आराखडा मंजूर झालेला आहे, आता बदल नको' असं उत्तर आलं. अभ्यास पूर्ण झाला, अहवालही निघाला असेल. त्या बाईंपर्यंत त्यातलं पानही गेलं नाही.

आता आमच्या धंद्यातली रीत ऐका. कुठल्याही बँकेचं किंवा कारखान्याचं सॉफ्टवेअर करायचं असेल तर पहिले दोन महिने आम्ही एक ओळसुद्धा लिहीत नाही. आधी जाऊन विचारतो, तुमचं काम कसं चालतं, कुठे अडतं. ते कागदावर उतरवतो, त्यावर ग्राहकाची सही घेतो, मग कामाला लागतो. ग्राहकाला विचारल्याशिवाय काम केलं तर बिल मिळत नाही. मग गरीब माणसाच्या बाबतीतच आपण ही पायरी का खातो? कारण तिथे बिल द्यायला तो नसतो. पैसे देणारा वेगळा, वापरणारा वेगळा. म्हणून सही देणाऱ्याची घेतली जाते.

असं व्हायलाच हवं असं नाही. आपल्या विदर्भातच याच्या उलट उदाहरणं आहेत आणि ती चांगली ठसठशीत आहेत.

सगळ्यात आधी जाईबाई चौधरींचं नाव घेते. कामठीला डोक्यावर ओझी वाहणारी दलित मुलगी. एका मिशनरी बाईंनी तिला शिकवलं आणि शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. पण दलित बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि ती नोकरी गेली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. हीच गोष्ट पुढे मोठ्या प्रमाणावर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय निघालं त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. आपल्या दीक्षाभूमीवरचं आंबेडकर महाविद्यालय १९६४ चं. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांनी स्वतःचं दार बांधलं. म्हणून मला 'वस्तीपर्यंत शिक्षण पोहोचवू' हे वाक्य जरा खटकतं. या शहरातल्या वस्त्यांनी शिक्षण स्वतः खेचून आणलं आहे. आपण तिथे पहिल्यांदा ज्ञान घेऊन चाललो आहोत, अशा थाटात जाऊ नये.

दुसरं उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं. दोघंही आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या गावासारख्या झोपड्या हव्यात, असं उत्तर आलं. नाव कोणाचं द्यायचं? दंतेश्वरी देवीचं. तसाच दवाखाना उभा राहिला.

त्यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार भावते. लहान बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे त्याच्या श्वासाच्या वेगावरून कळतं. पण गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. 'आधी यांना अंक शिकवा' असं कुणीही म्हटलं असतं. बंग यांनी सुइणींना बदललं नाही, साधन बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. याला मी उत्तम डिझाइन म्हणते. पुढे गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. ३९ गावांतल्या या कामाचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभरातल्या आशा ताई घरी येऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. गावातल्या बाईचं शहाणपण आणि विद्यापीठाची काटेकोर मोजणी एकत्र आली, म्हणून हे झालं. यातलं एक जरी नसतं तरी दुसरं अर्धवट राहिलं असतं.

तिसरं उदाहरण मेंढा-लेखा. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव. गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथले अभ्यासगट. निर्णय घेण्याआधी गाव त्या विषयाचा अभ्यास करतं. बाहेरच्या जाणकारांना बोलावतं, ऐकतं, वाद घालतं आणि मग ठरवतं. पोळं न जाळता, माशा न मारता मध कसा काढायचा याचाही अभ्यास गावाने केला. मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांची 'वृक्षमित्र' संस्था वर्षानुवर्षं सोबत राहिली, पण निर्णय देवाजी तोफा आणि गावकरी ग्रामसभेतच घेत राहिले. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ साली मेंढ्याला आपल्या जंगलावर, सुमारे १८०० हेक्टरांवर, सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हातात आला. इथे तज्ज्ञ होते, प्राध्यापक होते, पण ते गावाने बोलावलेले पाहुणे होते. प्रश्न गावाचा, अभ्यास दोघांचा, निर्णय पुन्हा गावाचा. आता गोंडवाना विद्यापीठही 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणत गावांकडे निघालं आहे, ही मला आशेची खूण वाटते.

आणि चौथं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. २००१ च्या सुमारास त्यांनी झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पुढे तो 'स्लम सॉकर' म्हणून जगभर गेला. २०१६ साली त्याला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला, आणि 'झुंड' चित्रपट तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. लक्षात घ्या, सरांनी मुलांना वेगळा खेळ शिकवायला नेला नाही. मुलं जे खेळत होती तेच पुढे नेलं. त्यांनी चेंडू आणला, मैदान मिळवलं, आणि मुख्य म्हणजे टिकून राहिले.

टिकून राहणं हीच तर कॉलेजांची अडचण असते. मी कॉलेजांच्या विरोधात नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र १९८५ पासून आहे. तिथले प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी गावच्या नळयोजना का बंद पडतात हे तपासायला स्वतः टाकी ते नळ असे फिरले. पुढे राज्य सरकारच्या 'उन्नत महाराष्ट्र अभियाना'तून जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत, असा मार्ग निघाला. दुष्काळी भागांसाठीच्या पोकरा प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत त्यांनीच बसवून दिली. विदर्भातली गावंही त्यात आहेत. किती पाऊस पडला, किती मुरला, कोणत्या पिकाला किती लागेल. हा हिशेब गावासमोर आला की 'पाणी कुणी किती ओढायचं' ही चर्चा आकड्यांवर होऊ शकते. इंजिनिअरिंगचा याहून चांगला उपयोग कोणता?

पण कॉलेजचं घड्याळ वेगळं असतं आणि वस्तीचं वेगळं. कॉलेजचं घड्याळ सेमिस्टरवर चालतं. परीक्षा आली की मुलं गायब, मे महिन्यात सगळं बंद, पुढच्या वर्षी नवी बॅच आणि पुन्हा तेच पहिले प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिच्या शिबिरांनी आपल्यापैकी अनेकांना घडवलं, मलाही घडवलं. पण सात दिवसांच्या शिबिरानंतर आठव्या दिवशी गावाचं काय, हा प्रश्न उरतोच. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक मिळतात. चांगलीच गोष्ट आहे. पण श्रेयांक विद्यार्थ्याला मिळतात, वस्तीला काय मिळतं? हे करारात लिहिलेलं नसेल, तर काही मिळत नाही.

आता आपल्या प्रस्तावाकडे येते. गेल्या महिन्यात आम्ही तिघी मैत्रिणी शाळेमागच्या वस्तीत चार वेळा जाऊन बसलो. कागद-पेन नेलं नाही, प्रश्नावली नेली नाही. 'आम्ही शेजारच्या शाळेच्या जुन्या पोरी, काही करायचं म्हणतो, तुमचं काय म्हणणं?' एवढंच विचारलं. लॅबचा विषय काढला तेव्हा लोक नाही म्हणाले नाहीत. घरी चालून आलेल्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या खेपेला बाया मोकळ्या झाल्या. एक धुणीभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मोबाईल त सगळ्याच पोट्ट्यांच्या हातात हाय, बाई. आमचं अडते ते कागदापाशी." त्यांच्या मुलीचा चांगल्या कॉलेजात नंबर लागला होता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, सीट गेली. पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, "पोरीनं मार्क आणले, आम्हाले कागद आणता आला नाही."

मग एकेक घर बोलू लागलं आणि जवळपास सगळ्यांची कहाणी तीच निघाली.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी लागते. त्यासाठी आपलं घराणं एका ठरावीक तारखेआधीपासून इथलंच असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. आता बघा, ज्यांच्या पणजोबांना शाळेत बसूच दिलं नाही, त्यांच्याकडेच पणजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्याकडे जमिनीचा कागद. त्यात नागपूरची अडचण आणखी वेगळी. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. बालाघाट-छिंदवाड्याकडून मजुरीला आलेला माणूस तेव्हा आपल्याच प्रांतात आला होता. नंतर राज्याची सीमा आखली गेली आणि त्याचा कागद सीमेपलीकडे राहिला.

खोटे दाखले निघू नयेत म्हणून पडताळणी हवी, हे मला मान्य आहे. पण खरा माणूस त्यात चिरडला जाऊ नये, हे बघणंही कुणाचं तरी काम आहे. वस्तीने आपला प्रश्न लिहून दिला आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा कुठे आहे, माहीत आहे? या सभागृहापासून तीस पावलांवर, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात.

आपल्या शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं तिथे आहेत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जात, जन्मतारीख. त्यातली कित्येक १९५० च्या आधीची आहेत. अशा जुन्या नोंदींना पडताळणीत जास्त वजन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलेलं आहे. पण पानं ठिसूळ झाली आहेत, नावांची सूची नाही आणि काही मजकूर मोडीत आहे. नातू येतो, म्हणतो, 'आजोबा या शाळेत होते, साल माहीत नाही.' आपल्या ऑफिसातले भाऊ तरी किती रजिस्टरं चाळणार?

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. लॅबऐवजी आपला निधी तीन वर्षं एका 'कागदपत्र केंद्रा'ला द्यावा. पहिलं काम, शाळेची रजिस्टरं जपून स्कॅन करायची आणि नावांची सूची करायची. सूची करणारं सॉफ्टवेअर मी आणि आपल्यातले चौघं फुकट करून देऊ. ही सूची इंटरनेटवर जाणार नाही. लोकांची जात आणि जन्मतारीख आहे त्यात, ती बाजारात मांडायची वस्तू नाही. ती शाळेच्या ऑफिसातच राहील. ज्याच्या घरची नोंद त्यालाच मुख्याध्यापकांच्या सहीने उतारा मिळेल.

दुसरं काम कॉलेजांचं. मोडी वाचायला इतिहासाचे विद्यार्थी, शपथपत्र आणि वंशावळ लिहायला कायद्याचे विद्यार्थी, घरोघरी पाठपुरावा करायला समाजकार्याचे विद्यार्थी. नागपुरात या तिन्हींची वाण नाही. त्यांना श्रेयांक हवे आहेत, आपल्याला हात हवे आहेत. पण करारात तीन गोष्टी लिहायच्या. एक, वस्तीतल्या पाच जणींची समिती ठरवेल की कुणाचं प्रकरण आधी घ्यायचं, आणि वर्षाच्या शेवटी कॉलेजचं काम कसं झालं हेही तीच लिहून देईल. दोन, परीक्षा असो की सुट्टी, हाती घेतलेलं प्रकरण निकाल लागेपर्यंत सोडायचं नाही. एक बॅच जाताना दुसऱ्या बॅचला समोरासमोर बसून फाइल सोपवेल. तीन, यावर कुणी प्रबंध किंवा अहवाल लिहिला तर तो आधी वस्तीत मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवायचा, मगच छापायचा.

काही शंका मला चहाच्या वेळीच ऐकू आल्या. "यात आपल्या बॅचचं नाव कुठे दिसणार?" खरं सांगू, भिंतीवर दिसणार नाही. पण एखाद्या पोरीचा प्रवेश पक्का होईल त्या फाइलमध्ये आपल्या शाळेचा शिक्का असेल. "हे तर सरकारचं काम आहे." आहेच. पण रजिस्टर सरकारचं नाही, आपलं आहे. ते उघडायला सरकारची वाट कशाला बघायची? "यात राजकारण येईल." आपण कुणाला आरक्षण देत नाही किंवा काढून घेत नाही. कायद्याने ज्याचा हक्क आधीच आहे, त्याला त्याचा कागद शोधून देतो. यात कोणत्या पक्षाला आक्षेप असावा?

आणि सगळ्यात रास्त शंका आपल्या एका मित्राची, "तीन वर्षांत किती जणांचं काम होईल?" आकडा मी आज सांगणार नाही. प्रत्येक घराचा कागद सापडेलच असं नाही. काहींची नोंद कुठेच नसेल, आणि तेव्हा 'सापडला नाही' हे आपल्याला समोर बसून सांगावं लागेल. पण निदान शोधलं तरी गेलं, हे त्या घराला कळेल. आजवर तेही झालेलं नाही.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला रोज हजेरी घेऊन शिकवलंत. ज्याचं नाव रजिस्टरात, तो वर्गात. ज्यांचं नाव रजिस्टरात असूनही हक्काच्या बाकावर बसता येत नाही, त्यांच्यासाठी ही रजिस्टरं उघडावीत, अशी मी मुख्याध्यापकांना आणि तुम्हा सगळ्यांना विनंती करते.

बैठक तीन वाजता ग्रंथालयाच्या खोलीत आहे. वस्तीतल्या त्या मावशी आणि आणखी दोघी जणी तिथे येणार आहेत, मी त्यांना बोलावलं आहे. निर्णय कोणताही घ्या, लॅबचा घ्या की केंद्राचा. पण आधी त्यांचं ऐकून मग हात वर करा, एवढंच माझं मागणं.